मीटर शंभरवर गेल्यावर...

बॉसने भर मीटिंगमध्ये झापलं. आपण ‘येस सर’ म्हणून गप्प! आतला मीटर मात्र चढतोय... साठ, सत्तर, ऐंशी टक्के. हा मीटर खरोखर पडद्यावर बघायचाय? मग ‘मॉब सायको 100’ लावा. 2016 ची जपानी ॲनिमे सीरिज. मॉब हा बावळट दिसणारा शाळकरी पोरगा. अंगात अफाट अतींद्रिय शक्ती, पण ती माणसांवर वापरायची नाही, हे पक्कं ठरलेलं. पाचव्या एपिसोडमध्ये तेरुकी नावाचा भाव खाणारा पोरगा त्याला बदडतो, गळा आवळतो, तरी हा उलटा वार करत नाही. शेवटी शुद्ध हरपते आणि कोंडलेलं सगळं सुटतं. शाळेची इमारतच उडते! सही सीन आहे, पण मला त्याच्यापुढचा जास्त आवडला. शुद्धीवर आलेला मॉब जल्लोष करत नाही. रडतो, आणि त्याच शक्तीने शाळा पुन्हा उभी करतो.

हे बघताना आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला एक पैलवान आठवला. हर्षवर्धन सदगीर, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा.

जानेवारी 2020, पुण्यातलं बालेवाडी, महाराष्ट्र केसरी. गादी गटात हर्षवर्धनने 2017 चा विजेता अभिजित कटके याला हरवलं होतं. फायनलला समोर आला लातूरचा शैलेश शेळके. म्हणजे कोण? तर रोजचा जोडीदार! दोघंही काका पवारांच्या तालमीतले. कुणाचा हात कधी कुठे जाणार, हे एकमेकांना तोंडपाठ. मग कुस्ती जपूनच होणार ना? दोघंही संयमाने लढले आणि हर्षवर्धन 3-2 ने जिंकला. जेमतेम एका गुणाचा फरक! (लढला नाशिककडून, पण नगरकरांनो, चालवून घ्या.)

आणि मग तो सीन. गदा मिळवणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात, ही आपली रीत. इथे जिंकलेल्या हर्षवर्धननेच हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून मिरवलं. तो फोटो गाजला नसता तरच नवल. त्याच महिन्यात कोंभाळण्याच्याच बीजमाता राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली. एका गावाने एका महिन्यात किती भाव खावा!

सगळ्यांचा मीटर असा ताब्यात राहत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये हीच स्पर्धा खुद्द अहिल्यानगरात झाली, तेव्हा निकालावरून राडा झाला आणि पंचांना लाथ बसली. त्या पैलवानाची चिडचिड मला कळते, बरं का. वर्षभराची मेहनत एका निर्णयात गेली असं वाटलं की डोकं फिरतंच. म्हणूनच खांद्यावरचा शैलेश पुन्हा बघावासा वाटतो. हरून नोव्हेंबर 2023 च्या धाराशिवच्या फायनलमधून परतताना हर्षवर्धनलाही तो आठवला असेल का? तिथे त्याला शिवराज राक्षेने हरवलं होतं.

एपिसोड साधारण चोवीस मिनिटांचा, कुस्ती सहा मिनिटांची. एका लंच ब्रेकमध्ये दोन्ही बसतात. डबा आधी संपवा.