कार्डाच्या पाठीवरचे तीन आकडे

वाचकहो, आपल्या पाकिटातले बँकेचे कार्ड काढून जरा उलटे करून पाहा. सहीच्या पट्टीवर किंवा तिच्या शेजारी तीन आकडे छापलेले दिसतील. अमेरिकन एक्सप्रेसचे कार्ड असेल तर आकडे चार असतात आणि ते पुढच्या बाजूस असतात. पिन कोणाला सांगू नये, हे आता आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनाही पाठ झाले आहे. पण हे तीन आकडे कार्डावर उघडेच छापलेले आहेत, मग त्यांत लपवावयाचे ते काय, असे पुष्कळांना वाटते. या समजुतीपायी आपल्याकडील कित्येकांचे पैसे गेले आहेत, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम नावांचा घोळ मिटवू. व्हिसावाले याला सीव्हीव्ही म्हणतात, मास्टरकार्डवाले सीव्हीसी म्हणतात. फ्रान्समधील दुकानातून संगणकावर काही मागवले की तिथे 'क्रिप्तोग्राम' असा शब्द येतो आणि आपला माणूस घाबरून मुलाला हाक मारतो. वस्तू एकच आहे. आपण तिला या लेखापुरते संकेतांक म्हणू.

हा संकेतांक आला कशासाठी? हॉटेलांत नोकरी केलेल्यांना ते जुने यंत्र आठवत असेल. कार्ड त्यात ठेवावयाचे, वर कार्बनची पावती ठेवावयाची आणि दांडा इकडून तिकडे सरकवावयाचा. कार्डावरचे उठावदार क्रमांक, नाव आणि मुदतीची तारीख पावतीवर उमटत असे. कार्बनचे कागद कचऱ्यात जात, आणि ज्याच्या हाती ते लागत त्याला फोनवरून दुसऱ्याच्या नावे खरेदी करता येई. यावर उपाय म्हणून असा एक अंक काढला की जो उठावदार नाही, सपाट छापलेला आहे, म्हणजे तो पावतीवर उमटत नाही. कार्डामागच्या काळ्या चुंबकीय पट्टीतही तो नाही आणि चिपमध्येही नाही. त्या दोन्हींत स्वतंत्र, वेगळे अंक असतात. मास्टरकार्डने 1997 पासून हा छापील अंक देण्यास आरंभ केला, अमेरिकन एक्सप्रेसने 1999 मध्ये तो वापरात आणला, आणि 2001 पर्यंत अमेरिकेत व्हिसाच्या कार्डांवरही तो आला. अंकाचे काम एकच होते. दुकानदार आणि ग्राहक समोरासमोर नसताना, ग्राहकाच्या हातात खरोखरच कार्ड आहे याची खूण पटवणे.

आता थोडे गणित. (शिक्षिकेने लिहिलेला लेख आहे, तेव्हा एवढी शिक्षा वाचकांनी सोसावी.) कार्डाच्या लांब क्रमांकातील शेवटचा आकडा हा मागच्या आकड्यांचा पडताळा असतो. हान्स पीटर लून या आयबीएममधील संशोधकाने ही रीत काढली आणि तिचे पेटंट त्याला 1960 मध्ये मिळाले. उजवीकडून दर दुसरा आकडा दुप्पट करावयाचा, दुप्पट दोन अंकी झाली तर ते दोन अंक मिळवून घ्यावयाचे, मग सगळ्यांची बेरीज करावयाची. बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला की क्रमांक बरोबर. संगणकवाले चाचणीसाठी 4111 1111 1111 1111 हा क्रमांक वापरतात, त्याची बेरीज 30 येते. सहावीतील मूलही हे करील. पण यातच गोम आहे. जो क्रमांक कोणालाही पडताळून पाहता येतो, तो कोणालाही रचताही येतो. लूनच्या रीतीचा हेतू चोर पकडण्याचा नव्हताच, आकडा लिहिताना झालेली चूक पकडण्याचा होता.

संकेतांकाचे तसे नाही. बँक कार्डाचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि आणखी एक तीन आकडी सांकेतिक संख्या घेते, त्यांवर स्वतःच्या गुप्त किल्ल्यांनी सांकेतिक लिपीची प्रक्रिया करते, आणि जे निघते त्यातून तीन आकडे उचलते. किल्ली नसेल तर जगातील कोणताही गणिती तुमच्या कार्डाचा क्रमांक पाहून हे तीन आकडे काढू शकणार नाही. दुकानातून विचारणा आली की बँकेचे यंत्र तेच गणित पुन्हा करते आणि उत्तर जुळते का ते पाहते.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे अशी माझी विनंती आहे, कारण फोनवरच्या भामट्याला ओळखण्याची रीत यातच आहे. बँकेला तुमचा संकेतांक स्वतःच काढता येतो. मग बँक तो तुम्हाला कशासाठी विचारील?

आमच्या गावात एक आजी आहेत. त्यांना दुपारी फोन आला. बोलणारा मोठ्या अदबीने क्रेओलमध्ये म्हणाला, "मादाम, ऊ कार्त इन ब्लोके." कार्ड बंद पडले आहे म्हणे, ते चालू करून देतो. आजी सहजासहजी फसणाऱ्यांतील नव्हेत. पण त्याने त्यांच्या कार्डाचे पहिले सहा आकडे घडाघडा म्हणून दाखवले, तेव्हा त्यांची खात्री पटली. नंतर त्या मला म्हणाल्या, "बाई, त्याला माझा नंबर ठाऊक होता. बँकेचा नसेल तर कसा ठाऊक असेल?"

मी म्हटले, "आजी, तुमच्या शेजारणीचे कार्ड आणा बघू." दोघींची बँक एक, कार्डाचा प्रकारही एक. पहिले सहा आकडे दोघींचे तेच निघाले. ते ग्राहकाचे नसतात, बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात (नव्या पद्धतीत पहिले आठ). त्या बँकेचे तसले कार्ड ज्याच्यापाशी आहे त्या प्रत्येकाला ते ठाऊक असतात, आणि त्या भामट्यालाही होते. उरलेले आकडे, तारीख आणि पाठीवरचे तीन आकडे आजींनी आपल्याच तोंडाने सांगितले. त्या महिन्याची पेन्शन नुकतीच खात्यात जमा झाली होती. संध्याकाळपर्यंत ती परदेशातील कुठल्याशा दुकानात खर्च झालेली होती. मोबाइलवर येणारा एकदाच चालणारा अंक त्या दुकानाने मागितलाच नाही. पुष्कळ परदेशी दुकाने तो मागत नाहीत. तिथे तुमचे रक्षण करावयास हे तीन आकडेच तेवढे असतात.

आणि कुठे कुठे तेही नसतात. 2016 साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला फार बोधप्रद वाटतो. त्यांच्या लक्षात आले की इंटरनेटवरील सगळी दुकाने सारखीच माहिती मागत नाहीत. कोणी क्रमांक आणि तारीख एवढेच मागते, कोणी त्याबरोबर संकेतांकही मागते. एका दुकानात चार-दहा वेळा चुकले की दार बंद होते, पण मग पुढच्या दुकानात जावे. कार्डाची मुदत पाच वर्षांपर्यंत धरली तर महिने होतात 60, आणि संकेतांक 000 ते 999, म्हणजे 1000. दोन्ही एकदमच ओळखावयाचे असते तर 60 गुणिले 1000, म्हणजे 60,000 प्रयत्न लागले असते. पण आधी तारखेपुरते विचारणाऱ्या दुकानांत तारीख शोधली आणि मग संकेतांक शोधला, तर गुणाकाराची बेरीज होते. 60 अधिक 1000, एकूण 1060 प्रयत्न, तेही फार झाले तर. संगणकाने हे काम अनेक दुकानांवर एकदम वाटून दिले की काही सेकंदांत होते. मास्टरकार्डच्या जाळ्याने निरनिराळ्या दुकानांतून होणारे हे प्रयत्न ओळखून अडवले. त्या वेळी व्हिसाच्या जाळ्याने ते अडवले नाहीत. वर्गात गुणाकार आणि बेरीज यांतील फरक शिकवताना याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

म्हणून नुसत्या तीन आकड्यांवर विसंबणे पुरेसे नाही, हे भारताने लवकर ओळखले. भारतीय रिझर्व्ह बँकेने 2009 च्या ऑगस्टपासून इंटरनेटवरील कार्ड-व्यवहारांस आणखी एक पडताळणी सक्तीची केली. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना ओटीपीवाचून काही विकत घेता येत नाही, ते याचमुळे. 2022 च्या ऑक्टोबरपासून तर तेथील दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांकही स्वतःपाशी ठेवता येत नाही. संकेतांकाबद्दलचा नियम त्याहून जुना आणि सगळ्या जगाला लागू आहे. व्यवहार मंजूर झाला की दुकानाने तो कोठेही साठवून ठेवावयाचा नाही, असे कार्ड-कंपन्यांच्या 2004 मध्ये आलेल्या एकत्रित नियमावलीतच आहे. चोरांनी एखाद्या दुकानाची सगळी यादी पळवली तरी तीत संकेतांक सापडू नये, हा त्यामागचा विचार.

आता आपण काय करतो पाहा. दुकानाला जे ठेवण्याची बंदी आहे ते आपण मोबाइलमध्ये जपून ठेवतो. लंडन-पॅरिसमधील मुलगा म्हणतो, "आई, कार्डाचा फोटो पाठव, मुंबईचे तिकीट काढतो." आई पुढून एक, मागून एक असे दोन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. मुलगा तिकीट काढतो, पण फोटो दोन्ही फोनांत राहतात. पुढे त्यांतला एखादा फोन हरवतो किंवा दुरुस्तीला जातो. लहानशा अतिथिगृहांचीही अशीच खोड असते. खोली राखून ठेवावयाची तर कार्डाच्या दोन्ही बाजूंचे चित्र ई-मेलने पाठवा म्हणतात. पाठवू नये. पैसे भरण्याची दुसरी सोय मागावी, आणि ती नसेल तर दुसरे अतिथिगृह पाहावे. मुलाला सांगावयाचेच असेल तर फोन आपणच लावावा आणि तीन आकडे तोंडाने सांगावेत. लिहून किंवा फोटो काढून पाठवू नयेत.

कार्ड नुसते यंत्राला टेकवून पैसे देतो तेव्हा हा छापील अंक दुकानात जात नाही, तेव्हा त्याची धास्ती नको. उपाहारगृहात मात्र कार्ड नजरेआड नेऊ देऊ नये, यंत्र मेजापाशी मागवावे. वेटरला पाठ वाचावयास कितीसा वेळ लागतो? माझ्या ओळखीचे एक काका तीन आकडे पाठ करून त्यांवर अपारदर्शक चिकटपट्टी लावतात. लोक हसतात, पण युक्ती वाईट नाही. फ्रान्समध्ये 2016 पासून काही कार्डांच्या पाठीवर चिमुकला पडदा आला, त्यावरचा संकेतांक दर तासाला बदलतो. काही बँका आता तो कार्डावर छापतच नाहीत, मोबाइलमध्ये दाखवतात.

आकडे कोणाला सांगून झालेच असतील तर लाजत बसू नये. कार्डाच्या पाठीवर छापलेल्या बँकेच्या फोनवर तत्काळ कळवावे आणि कार्ड बंद करवावे. ज्याने फोन केला होता त्याने दिलेल्या क्रमांकावर मात्र कदापि नव्हे. नुसता पिन बदलून भागत नाही, कारण फोनवरच्या चोराला पिन लागलाच नव्हता. नवे कार्डच घ्यावे लागते. क्रमांक किंवा तारीख बदलली की गणिताचे उत्तरही बदलते, म्हणून नव्या कार्डावर संकेतांकही नवा येतो. जुने कार्ड टाकताना कात्री चिपवरून आणि त्या तीन आकड्यांवरून फिरवावी, आणि तुकडे दोन वेगळ्या पिशव्यांत टाकावेत.