शेजारी राष्ट्र संघातून बाहेर पडते तेव्हा : आयर्लंडच्या सीमेवरील नागरिकांचे हक्क

एखादे राष्ट्र संघातून बाहेर पडते तेव्हा चर्चा बहुधा व्यापाराची आणि जकातीची होते. परंतु ज्याचे घर सीमेच्या अलीकडे आणि रोजगार पलीकडे आहे, त्याच्या हक्कांचे काय होते, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले. त्यानंतर आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड यांमधील सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर हा प्रश्न कसा हाताळला गेला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

ब्रिटन व आयर्लंड १९७३ साली एकाच वेळी या संघात सामील झाले. पुढे सीमेपलीकडे नोकरी, निवृत्तिवेतन व उपचार यांना संघाच्या कायद्याचा आधार मिळाला. ब्रिटन बाहेर पडताच हा आधार निघून जाणार होता.

यावर दोन उपाय झाले. पहिला उपाय जुना होता. १९२०च्या दशकापासून दोन्ही देशांत 'सामाईक प्रवास क्षेत्र' आहे. त्यानुसार परस्परांच्या नागरिकांना राहण्याची, काम करण्याची व शिकण्याची मुभा होती. मात्र तिचा बराचसा भाग रिवाजावर उभा होता. म्हणून १ फेब्रुवारी २०१९ रोजी सामाजिक सुरक्षेचा करार झाला. ८ मे २०१९ रोजी सामंजस्य-पत्रावर सह्या झाल्या, पण ते कायद्याने बंधनकारक नव्हते. पुढे ब्रिटनने २०२० च्या कायद्यात आयरिश नागरिकांचा प्रवेशाचा हक्क नोंदवला.

दुसरा उपाय म्हणजे माघारीचा करार. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी जे पलीकडे राहत वा काम करत होते, त्यांचे हक्क त्याने राखले. परंतु ब्रिटनमध्ये राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना (आयरिश वगळून) त्यासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करणे भाग पडले. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या गोमंतकीय बांधवांनाही ही अट लागू होती. ज्यांना केवळ तात्पुरता दर्जा मिळाला, त्यांनी पुन्हा अर्ज केला नाही तर हक्क संपतील, अशी सरकारची भूमिका होती. डिसेंबर २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ती अमान्य केली.

तरीही काही लोक या छत्राबाहेर राहिले. आयर्लंडमध्ये राहणारा पोलिश कामगार २०२१ नंतर प्रथमच उत्तर आयर्लंडमध्ये नोकरी शोधू लागला, तर त्याला हे संरक्षण नाही. लेटरकेनीत राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तीस-पस्तीस किलोमीटरवरील डेरीला जायचे तर ब्रिटनचा व्हिसा लागतो. ही अट माघारीपूर्वीही होती. रस्त्यावर चौकी नसते. पण चौकी नाही म्हणून हक्क आहे, असे होत नाही.

उर्दूत 'हक़' आणि 'रिआयत' हे दोन शब्द वेगळे आहेत. रिआयत म्हणजे सवलत. ती देणारा परत घेऊ शकतो. हक़ मात्र मागून घ्यावा लागत नाही, आणि तो न्यायालयात सिद्ध करता येतो. सीमावर्ती माणसाची सोय रिवाजावर किंवा अर्जाच्या मुदतीवर अवलंबून असेल, तर ती रिआयतच ठरते. नागरिकशास्त्र शिकवताना हा भेद विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर तारखांच्या या यादीमागचा माणूस त्यांना दिसेल.