भरलेली वाटी, उपाशी पाखरं

गेल्या हिवाळ्यात मावसबहिणीच्या लग्नासाठी आम्ही सगळे तीन दिवस पुण्याला गेलो होतो. घरी होती फक्त मुलाची दोन पाखरं, पिकू आणि निळू. शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली आणि सांगितलं, "पाणी रोज बदला, आणि वाटी रिकामी दिसली तर दाणे घाला." काकूंनी अगदी तसंच केलं.

परत आलो तर निळू पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसलेली. मुलगा रडकुंडीला आला. "आई, वाटी तर भरलेली आहे, मग ही खात का नाही?" आमच्या आजींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, वाटी बाहेर काढली आणि हलकेच फुंकर मारली. फोलपटं घरभर उडाली. तळाशी उरले जेमतेम आठ-दहा दाणे. "अगं, हे नुसतं फोल आहे! पाखरं उपाशी आहेत," आजी म्हणाल्या.

चूक काकूंची नव्हती, माझी होती. वाटी रिकामी दिसणारच नव्हती, हे मलाच माहीत नव्हतं.

आमची पाखरं बजी जातीची, म्हणजे बजरीगार. बाजारात यांनाच बरेचदा 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. मूळची ही ऑस्ट्रेलियाची. 1840 मध्ये जॉन गुल्ड या पक्षीतज्ज्ञाने ती इंग्लंडला आणली आणि तिथून ती जगभर पोहोचली. (आपला देशी हिरवा पोपट मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरी पाळता येत नाही, हे मुलांना जरूर सांगा.) बजी दाणा अख्खा गिळत नाही. चोचीत फिरवून टरफल सोलते, आतला गर खाते आणि टरफल बहुतेक वेळा तिथेच वाटीत टाकते. त्यामुळे दाणे संपत जातात, पण वाटी भरलेलीच दिसते. तीस-चाळीस ग्रॅमचा हा जीव. त्याला एखादा दिवसाचा उपाससुद्धा जड जातो, हे पक्ष्यांच्या डॉक्टरांनी समजावलं. निळू वाचली. पण तेव्हापासून आमच्याकडे वाटीचा कारभार आजींच्या हाती गेला.

तोवर मी काय करत होते? फोलपटं दिसली की अख्खी वाटी कचऱ्यात. एकदा आजींनी ते पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला. सियागंजातून आपण 'कांगनी' म्हणून जे आणतो, ते म्हणजे आपले राळे. आजींचं माहेर सोलापूरकडचं, तिथे भोगीला राळ्याचा भात होतो. "आमच्या सणाचं धान्य तू कचऱ्यात टाकतेस?" त्या म्हणाल्या आणि माळ्यावरचं सूप काढून धुऊन वाळवायला ठेवलं.

मी आधी पिठाची चाळणी घेतली होती. तिच्यातून धूळ तेवढी खाली पडली. राळ्याचं फोलपट जवळपास दाण्याएवढंच, मग चाळणी बिचारी काय वेगळं करणार? फरक आहे तो वजनाचा. म्हणून इथे वारा लागतो, आणि वारा म्हणजे सूप.

आजींची पद्धत सांगते. रोज सकाळी वाटी एका ताटात रिकामी करायची. ओलसर झालेले, गुठळी झालेले, कुबट वास येणारे, जाळी लागलेले किंवा विष्ठा पडलेले दाणे असतील तर ते सरळ फेकायचे, तिथे काटकसर नाही. पिंजऱ्याच्या तळाशी सांडलेले दाणेही उचलायचे नाहीत, फक्त वाटीतलेच घ्यायचे. मग गॅलरीत जायचं, नाकाला ओढणी किंवा मास्क लावायचा, कारण त्यात पिसांची बारीक धूळ असते. सुपात एक-दोन मुठीच घ्यायच्या, जास्त नाही. मनगटाने हलका झटका देत पाखडायचं. दाणे मागे आपल्याकडे राहतात, फोलपटं पुढच्या तोंडाशी येऊन उडून जातात. पहिल्या दिवशी माझे दाणेच गॅलरीभर झाले आणि खालच्या चिमण्यांची चंगळ झाली! आठवडाभरात हात बसला.

घरी सूप नसेल तरी अडत नाही. टेबलफॅन सगळ्यात हळू लावा, समोर जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर परात ठेवा आणि वीतभर उंचीवरून दाणे बारीक धारेने सोडा. दाणे परातीत पडतात, फोलपटं पुढे कागदावर. दाणेही उडायला लागले तर पंखा थोडा लांब सरकवा.

निवडलेले दाणे धुवायचे नाहीत. ओल राहिली की बुरशी येते, आणि बुरशीचा दाणा पाखराला घातक. कोरडेच ताज्या दाण्यांत मिसळून त्याच दिवशी वापरायचे. पाखरू आजारी असेल तर त्याचं उरलेलं काहीच ठेवायचं नाही. आमच्याकडे रोज दोन-तीन चमचे दाणे परत मिळतात. पैशांत मोजाल तर फार नाही. पण पाखडल्याशिवाय कळतच नाही की पाखरांनी काल किती खाल्लं. एखाद्या दिवशी दाणे जास्त उरले, तर मुलगा लगेच दोघांकडे नीट बघतो.

फोलपटं आम्ही कुंडीत टाकतो. त्यांत चुकून राहिलेले दाणे पावसाळ्यात उगवले, हिरवेगार. त्या कुंडीत कुठलंही औषध मारलेलं नव्हतं, म्हणून मुलाने चार पाती धुऊन पिंजऱ्यात लावली. निळूच आधी धावली.

आता आजींचे हात दुखतात, म्हणून सकाळचं पाखडणं मुलाकडे आहे. तो आठवीत आहे, आणि त्याच्या वर्गात सूप धरता येणारा बहुधा एकटाच! परवा गावाला निघताना त्याने काकूंसाठी चिठ्ठी लिहून पिंजऱ्याला बांधली: "काकू, वाटी भरलेली दिसली तरी आधी फुंकर मारून बघा."