अतिदक्षता विभागातील रुग्णांचे स्नायुबल आणि कार्यक्षमता

अतिदक्षता विभागातून वाचून बाहेर आलेल्या कित्येक रुग्णांना आपला हातही वर उचलवत नाही. हे दौर्बल्य केवळ अंथरुणाला खिळल्याने येते, अशी समजूत पुष्कळ काळ होती. वस्तुतः गंभीर आजारात, विशेषतः जंतुदोष सर्वांगात पसरला असता, स्नायू आणि चेता या दोहोंतही विकृती उत्पन्न होते. इंग्लंडमधील २०१३ च्या एका अभ्यासात मांडीच्या पुढील एका स्नायूचे छेदक्षेत्र दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेले आढळले.

हे दौर्बल्य मोजण्याची रूढ पद्धत साधी आहे. खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा व घोटा या सहा सांध्यांची प्रत्येकी एक हालचाल दोन्ही बाजूंस तपासून तिला ० ते ५ गुण द्यावयाचे. बेरीज ६० पैकी ४८ पेक्षा कमी भरली, म्हणजेच सरासरी चारच्या खाली गेली, तर दौर्बल्य आहे असे मानतात. अर्थात रुग्ण शुद्धीवर असून सांगितलेले समजणारा हवा. फ्रान्समध्ये २००२ साली ९५ रुग्णांवर ही कसोटी वापरली असता, आठवडाभर वा अधिक काळ कृत्रिम श्वसनावर राहिलेल्यांपैकी सुमारे चतुर्थांश दुर्बल निघाले.

परंतु ४८ हा आकडा ओलांडला म्हणजे रुग्ण कार्यक्षम झाला काय? सोलापूरलगतच्या कुंभारीत हा प्रश्न विशेष अर्थपूर्ण ठरतो. तेथे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथेच गोदूताई परुळेकर यांच्या नावाची, विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेली दहा हजार घरांची वसाहत आहे. विडी वळणारी स्त्री मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास जमिनीवर बसते; तेंदूचे पान कात्रीने कापते, तंबाखू भरून ते वळते आणि दोऱ्याने बांधते. अशी स्त्री गंभीर आजारातून उठली, तर तिची उपजीविका अंगठा व बोटे यांच्या सूक्ष्म बलावर अवलंबून राहील. वरील बारा हालचालींत बोटांची एकही नाही. मुठीची पकड मोजणारे उपकरण ही उणीव थोडीफार भरून काढते. तथापि मूठ आवळणे निराळे आणि चिमटीने दोरा बांधणे निराळे.

जमिनीवरून उठण्याचेही तसेच. त्यासाठी खुबा मागे ताणणारे नितंबाचे स्नायू आणि पोटरी लागते. उताण्या निजलेल्या रुग्णात हे स्नायू तपासणे अवघड. म्हणून कसोटीत ते वगळलेले दिसतात. कार्यक्षमतेच्या प्रचलित मापनश्रेणी बल सोडून कृती पाहतात, ही त्यांची जमेची बाजू होय. पण त्यांतील उठणे हे खुर्चीवरून किंवा पलंगाच्या कडेवरून उठणे असते. अमेरिकेतील २००९ च्या एका चाचणीत १०४ रुग्णांपैकी ज्यांना आरंभापासून व्यायाम दिला त्यांतील ५९ टक्के, तर इतरांतील ३५ टक्के, घरी जाताना स्वावलंबी होते. तेथील स्वावलंबनातही पलंगावरून खुर्चीत जाण्याचाच समावेश होता. पुढे २०२२ च्या ७५० रुग्णांच्या चाचणीत लवकर व अधिक हालचाल देण्याचा लाभ दिसला नाही, उलट अपाय वाढले. तेव्हा व्यायामाची मात्रा बेतानेच ठरवावी लागते.

म्हणून रुग्णाला घरी सोडताना बेरजेशेजारी तीन नोंदी असाव्यात: जमिनीवर मांडी घालून बसता येते काय, उकिडवे बसून उठता येते काय, आणि चिमटीत दोरा धरून गाठ मारता येते काय. प्रत्येक कृतीला आधार किती लागला, एका माणसाचा की दोघांचा, तेही लिहावे. आणि उभे राहताना तोल जाणाऱ्या रुग्णाच्या पहिल्या दोन नोंदी पुढील भेटीवर टाकाव्यात.