ऑटोमॅटिक पिकअपचा गिअर अडतो तेव्हा
गोदावरीकाठच्या सायखेड्याच्या रस्त्यांवर कांदा, टोमॅटो, द्राक्षं वाहणारे बहुतेक पिकअप अजून हातानं गिअर टाकायचेच. पण इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स अशा गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मिळतो, आणि त्याचं दुखणं वेगळं असतं.

यात क्लचचं पेडल नसतं. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढे जाते. त्याच तेलाचा दाब आतल्या क्लच प्लेटा आवळतो आणि गिअर पडतो. म्हणजे तेल इथे नुसतं वंगण नाही. ते कमी झालं की दाब घटतो. मग 'डी'मध्ये टाकूनही गाडी क्षणभर जागची हलत नाही. चढावर इंजिन ओरडतं, वेग मात्र वाढत नाही. भरलेली गाडी तशीच रेटली, तर प्लेटा घसरून जळतात. तेल काळपट होतं, करपट वास मारतं.

गोदाकाठी धोका पाण्याचाही. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत पुराचं पाणी शिरलं होतं. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात बुडाला की एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि हवेच्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर गाडी चालवू नका, ओढूही नका, उचलून न्या.

आणि गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी मिस्त्रींना तेलाची पातळी आणि स्कॅनरवरचा फॉल्ट कोड दाखवायला सांगा.