उमेदवाराचे शपथपत्र आणि मतदाराचा निर्णय

प्रौढ मताधिकाराचा स्वीकार करताना भारतीय संविधानाने मतदारावर शिक्षणाची, मालमत्तेची अथवा कराची कोणतीही अट घातली नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लक्ष मतदार होते व त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. म्हणून त्या वेळी प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवून तीवर त्याचे चिन्ह लावण्यात आले. चिन्हामुळे उमेदवार ओळखता येत असे. परंतु तो कोण, कसा, आणि त्याचे पूर्वचरित्र काय, हे मतदारास कळावे अशी तरतूद कायद्यात नव्हती. ही उणीव भरून निघण्यास अर्धे शतक लागले. आता उमेदवाराविषयी बरीच माहिती कायद्यानेच उपलब्ध होते. या माहितीचे स्वरूप काय, ती कोणत्या रीतीने वाचावी आणि तिच्यापासून मताच्या निर्णयापर्यंत कसे पोचावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

माहितीच्या हक्काचा उगम

१९९९ साली अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापकांच्या पुढाकाराने ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था स्थापन झाली. तिने दिल्ली उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेचा निकाल २००० साली तिच्या बाजूने लागला व त्याविरुद्ध केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय. यामागील तर्क लक्षात घेण्याजोगा आहे. मत देणे म्हणजे आपला अभिप्राय व्यक्त करणे. आणि ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही त्याच्याविषयी खरा अभिप्राय संभवत नाही. तेव्हा संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मध्ये माहितीचा हक्क अंतर्भूतच आहे.

कायदेमंडळाला हा निर्णय पूर्णपणे मानवला नाही. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये दुरुस्ती करून कलम ३३क व ३३ख घालण्यात आली. पहिल्या कलमाने काही माहिती देणे सक्तीचे केले. दुसऱ्याने मात्र न्यायालयाने वा निवडणूक आयोगाने काहीही आदेश दिला असला, तरी अधिनियमात सांगितल्यापेक्षा अधिक माहिती देण्याचे बंधन उमेदवारावर राहणार नाही असे ठरविले. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३३ख घटनाबाह्य ठरविले. उमेदवाराचे शपथपत्र या निर्णयामुळे आजच्या स्वरूपात उभे राहिले.

शपथपत्रात काय असते

नामनिर्देशनपत्रासोबत उमेदवारास नमुना २६ मध्ये शपथपत्र दाखल करावे लागते. त्यात प्रलंबित फौजदारी प्रकरणे व झालेल्या शिक्षा, स्वतःची, पतीची वा पत्नीची व अवलंबितांची स्थावर-जंगम मालमत्ता, कर्जे व शासकीय देणी, व्यवसाय आणि शिक्षण ही माहिती असते. २०१८ च्या एका निर्णयानंतर उत्पन्नाचे स्रोतही सांगावे लागतात, आणि २०१९ पासून मागील पाच प्राप्तिकर विवरणपत्रांतील उत्पन्न व परदेशांतील मालमत्ता यांचाही समावेश झाला आहे. निवडणूक आयोग ही शपथपत्रे सर्वांना पाहता येतील अशा रीतीने प्रसिद्ध करतो. शिवाय २०१८ च्या आदेशानुसार फौजदारी प्रकरणे असलेल्या उमेदवाराने ती वृत्तपत्रांतून किमान तीन वेळा जाहीर केली पाहिजेत. असा उमेदवार का निवडला याची कारणे त्याच्या पक्षाने सांगितली पाहिजेत, आणि निवडून येण्याची शक्यता एवढेच कारण पुरेसे नाही, असे २०२० साली न्यायालयाने स्पष्ट केले.

असे असले तरी शपथपत्र हे चौकशीचा अहवाल नव्हे, हे विसरता कामा नये. ज्याचा निकालाशी सर्वांत निकटचा हितसंबंध आहे अशाच व्यक्तीचे ते निवेदन असते. रकाने कोरे सोडता येत नाहीत, असा निर्णय २०१३ साली झाला. सूचना देऊनही ते कोरे राहिले, तर निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज फेटाळू शकतो. परंतु भरलेल्या मजकुराची सत्यासत्यता तपासणे हे त्याचे काम नाही. खोटी माहिती दिल्यास कलम १२५क अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण ती कारवाई नंतरची, आणि मत तर आधीच दिलेले असते. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले, की प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करणे आवश्यक नाही. जिचे मूल्य लक्षणीय आहे किंवा जिच्यावरून उमेदवाराच्या राहणीमानाची कल्पना येते तीच जाहीर करणे आवश्यक होय. सारांश, शपथपत्र हा पुरावा आहे, निष्कर्ष नव्हे.

वाचनाची पद्धत

हा पुरावा वाचण्याचे पहिले सूत्र असे, की एकटा आकडा काही सांगत नाही, तुलना सांगते. फौजदारी प्रकरणांचीच गोष्ट घ्यावी. ‘पाच गुन्हे’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. प्रकरण कोणत्या कलमाखाली आहे, केवळ तक्रार नोंदली गेली आहे की न्यायालयाने दोषारोप निश्चित केले आहेत, की शिक्षाच झाली आहे, या तिन्ही अवस्था भिन्न आहेत. मनाईहुकूम मोडून मोर्चा काढल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली झालेले पाच गुन्हे आणि खंडणीचा वा खुनाच्या प्रयत्नाचा एक गुन्हा यांचे वजन सारखे नाही. दोषारोप निश्चित झाले म्हणजे अपराध सिद्ध झाला असे नव्हे. पण प्रथमदर्शनी पुरावा आहे असे एका न्यायाधीशास वाटले, एवढा अर्थ त्यातून निघतो.

मालमत्तेबाबत लागोपाठच्या दोन निवडणुकांतील शपथपत्रे शेजारी ठेवून वाचणे फलदायी ठरते. वाढ झाली एवढ्यावरून दोष लावता येत नाही. शहरालगतच्या जमिनीचा भाव चढला, तर मालकाने काही न करताही आकडा फुगतो. म्हणून भाव वाढल्याने झालेली वाढ आणि नव्या खरेदीने झालेली वाढ वेगळी काढावी, व दुसरीचा मेळ जाहीर उत्पन्नाशी बसतो किंवा नाही ते पाहावे. मेळ न बसला तर शंका रास्त ठरते, आणि त्या शंकेचे उत्तर उमेदवाराकडे जाहीर सभेत मागण्यासही मतदार मोकळा असतो.

विद्यमान सदस्य पुन्हा उभा असेल तर सभागृहातील कामाची नोंद हे आणखी एक साधन होय. उपस्थिती, विचारलेले प्रश्न व चर्चेतील भाग यांची नोंद प्रसिद्ध होते. परंतु येथेही सावधगिरी हवी. मंत्री प्रश्न विचारीत नाहीत, त्यांची उत्तरे देतात. तेव्हा मंत्र्याच्या नावापुढील शून्य हे आळसाचे लक्षण नव्हे. शिवाय १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आल्यापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणारा सदस्य आपले सदस्यत्व गमावू शकतो. विधेयकांवरील मतदानात म्हणून सदस्याची स्वतंत्र बुद्धी क्वचितच दिसते. तेथे प्रत्यक्षात पक्ष मत देत असतो. केवळ व्यक्ती पाहून मत देऊ इच्छिणाऱ्याने ही मर्यादा ओळखून उमेदवाराबरोबर त्याच्या पक्षाचा जाहीरनामा व पूर्वीची कृती यांचाही अभ्यास करणे अपरिहार्य आहे.

तिसरी तुलना आश्वासन आणि अधिकार यांची. नळाचे पाणी, गटारे व कचरा हा महापालिकेचा वा नगरपालिकेचा विषय. पोलीस व जमीन महसूल राज्याचा. संरक्षण व रेल्वे केंद्राची. लोकसभेचा उमेदवार गल्लीतील गटाराचे वचन देतो, किंवा नगरसेवकपदाचा उमेदवार परराष्ट्रधोरणावर मते मागतो, तेव्हा दोघेही आपल्या पदाबाहेरचे बोलत असतात. ज्या पदासाठी निवडणूक आहे त्या पदाचे काम प्रथम निश्चित करून मगच गुणांची चर्चा करणे इष्ट.

माहिती मिळाली म्हणजे मत बदलते काय

अभ्यासकांच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत कठीण होय. अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली दाखवून दिले, की लाखो मतांत एका मताचे मोल अत्यल्प असल्याने माहिती मिळविण्याचे कष्ट न घेणे हेच व्यक्तीच्या दृष्टीने हिशेबी ठरते. तर मग माहिती विनासायास हाती दिली, तर काय होईल? २००८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीपूर्वी अभिजित बॅनर्जी, रोहिणी पांडे व त्यांचे सहकारी यांनी काही झोपडपट्ट्यांत आमदारांच्या कामगिरीची व उमेदवारांच्या पात्रतेची तुलनात्मक पत्रके वृत्तपत्राद्वारे पोचविली. तेथे मतदान वाढले, पैशांच्या मोबदल्यात मत देण्याचा प्रकार घटला आणि चांगले काम केलेल्या आमदारांना अधिक मते मिळाली. याउलट बेनिन, ब्राझील, बुर्किना फासो, मेक्सिको व युगांडा या देशांत समन्वित रीतीने झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माहितीचा मतावर सरासरीने काहीच परिणाम आढळला नाही.

मिलन वैष्णव यांनी २०१७ च्या आपल्या ग्रंथात याहून अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली आहे. गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या उमेदवारास मते मिळतात ती नेहमी अज्ञानामुळे नव्हेत. पुष्कळदा ती जाणूनबुजून दिली जातात. जेथे शासनयंत्रणा दुर्बल असते व समाजात तट पडलेले असतात, तेथे ‘आपले काम करून देणारा’ म्हणून अशाच माणसाची निवड होते. हे खरे असेल तर शपथपत्र वाचून दाखविणे हा त्यावर संपूर्ण उपाय होऊ शकत नाही. पोलीस ठाणे, तहसील कचेरी व न्यायालय यांच्याकडून सामान्य माणसाला मध्यस्थावाचून दाद मिळू लागणे हाही त्याचाच भाग ठरतो. म्हणून अशा मतदारास अडाणी म्हणून मोकळे होणे अभ्यासकाला शोभत नाही.

निर्णय

या सर्वांतून निर्णयाचा एक क्रम सुचतो. प्रथम ज्या गोष्टी मतदारास कोणत्याही परिस्थितीत मान्य नाहीत त्या ठरवाव्यात, व त्या ज्यांच्या ठायी आढळतील त्यांची नावे बाजूला करावीत. उरलेल्यांची तुलना पदाच्या कामाच्या संदर्भात करावी. त्यानंतर पक्षाचा विचार करावा. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी पक्ष ठरवून मग शपथपत्र उघडले, तर वाचन हे केवळ समर्थनाचे साधन बनते.

कोणीच न उरल्यास २०१३ च्या निर्णयाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय दिला आहे. २०१९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण व पलूस-कडेगाव या मतदारसंघांत तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. परंतु लोकसभा व विधानसभा निवडणुकीत त्याचा निकालावर कायदेशीर परिणाम होत नाही. त्याला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांत जो पुढे असेल तोच निवडून येतो. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये अशा वेळी फेरनिवडणूक घेण्याचा आदेश काढला. नकाराचे मत हे निषेधाचे साधन आहे. निवडीचा पर्याय म्हणून ते अपुरे आहे.

न्यायालयाने मतदाराला जाणण्याचा हक्क दिला. निर्णयाचा भार मात्र त्याच्यावरच ठेवला, आणि लोकशाहीत तो दुसऱ्या कोणावर टाकताही येणार नाही. विद्यापीठीय अभ्यासकांकडून अपेक्षा आहे ती एवढीच, की आपापल्या मतदारसंघातील शपथपत्रे क्रमवार जुळवून, सोप्या मराठीत व निःपक्षपातीपणे मांडून ती मतदानाच्या पुरेशी आधी लोकांसमोर ठेवावीत. दिल्लीतील प्रयोगात जी पत्रके उपयोगी पडली ती याच स्वरूपाची होती.