प्रोजेक्टचा विषय दुकानात नाही, घरात आहे

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या शाळेत प्रोजेक्टचे दिवस सुरू होतात. स्टाफरूममधल्या टेबलावर रंगीत फायलींचा ढीग लागतो. वरून चकचकीत कागद, आत छापील मजकूर, मध्ये मध्ये चिकटवलेली चित्रं. दोन वर्षांपूर्वी त्या ढिगात एक फाईल होती, "आमच्या गावातील नदीचे प्रदूषण". वाचायला घेतली आणि थांबले, कारण आमच्या गावाला नदीच नाही. एक नाला आहे, तोही पावसाळ्यापुरता. मुलीला बोलावून विचारलं, तर ती खाली मान घालून म्हणाली, "टीचर, अम्मीने झेरॉक्सवाल्याकडून आणला. दीडशे रुपये घेतले."

मला मुलीचा राग आला नाही. तिची अम्मी घरी शिलाई करते. दीडशे रुपये म्हणजे तिची दिवसभराची मान मोडेपर्यंतची मेहनत. ती बाई स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. मुलगी मागे पडू नये म्हणून तिने पैसे मोजले आणि दुसऱ्याच कुणाच्या नदीचं पाणी घरी आणलं. असे पालक आमच्याकडे बरेच आहेत. "आम्हाला काय कळतं प्रोजेक्टमधलं," असं ते म्हणतात. हा लेख मुलांइतकाच त्यांच्यासाठीही आहे.

मुलं दरवर्षी कोणते विषय घेतात ते आता मला पाठ झालंय. प्लास्टिक, पाणी, प्रदूषण, ग्लोबल वॉर्मिंग, मोबाईलचे दुष्परिणाम, एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र. अकरावी-बारावीला पर्यावरणाचा प्रकल्प असतो, तिथेही हेच. विषय वाईट नाहीत. बिघडतं ते त्यांच्या आकारामुळे. "ग्लोबल वॉर्मिंग" हा विषय पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात मावत नाही. मग तो नेटवरून उतरवतो किंवा विकत आणतो. तोच विषय कापून लहान केला, इतका की मुलाला स्वतः मोजता येईल, बघता येईल, कुणाला तरी विचारता येईल, तर विकत आणायची गरजच उरत नाही.

पाण्याचंच बघा. "पाणी हेच जीवन" या नावाच्या फायली मी इतक्या तपासल्यात की आता नाव वाचूनच चष्मा काढून ठेवावासा वाटतो. पण एका मुलीला मी म्हटलं, "तुझ्या घरात वजूला किती पाणी लागतं ते मोज." सामान फक्त एक लिटरची बाटली आणि मोबाईलमधलं घड्याळ. नळाखाली बाटली धरली, ती दहा सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला सहा लिटर. नळ चालू ठेवून दोन मिनिटं वजू केली तर बारा लिटर पाणी जातं. मग तिने लोट्याने वजू करून पाहिली, तेव्हा काम दीड-दोन लिटरमध्ये झालं. नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एक मुद्द पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये आलंय. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आतलं माप. हे ती दीनियातच्या वर्गात ऐकून होती, पण त्या मापाचा अर्थ तिला बाटली हातात धरल्यावर कळला.

तिला मशिदीच्या हौदावर जाऊन मोजता आलं नसतं, म्हणून तिने घरी मोजलं. मुलांना मात्र मुतवल्ली साहेबांची परवानगी घेऊन मशिदीतही हे करता येईल. तिथे आणखी एक गोष्ट मोजण्यासारखी आहे, ती म्हणजे छत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. इतका सोपा हिशेब आहे. शंभर चौरस मीटरचं छत असेल आणि गावात वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर सत्तर हजार लिटर. थोडं उडून जातं, थोडं सांडतं. वीस टक्के सोडून दिले तरी छप्पन्न हजार लिटर उरतं. एवढं पाणी गटारात जातं आणि उन्हाळ्यात आपण टँकर मागवतो. हे वाक्य कुठून उतरवलं तर त्यात दम नाही. मुलाने टेप लावून स्वतः छत मोजलं असेल तर कमिटीसुद्धा बसून ऐकेल.

गळणाऱ्या नळाचंही तसंच. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर रोज चार लिटरहून जास्त. नुसतं धरायचं कशाला, कपात थेंब मोजून बघा.

प्लास्टिकवर फार लिहीत नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये बंदी आली, देशभरात एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून. एवढं लिहून झालं की मुलाने आठवडाभर घरात आलेल्या पिशव्या एका कोपऱ्यात साठवाव्यात आणि कोणत्या दुकानातून किती आल्या ते लिहावं. बस्स.

मोबाईलच्या विषयात मुलं सर्वेक्षण करतात आणि तिथे एक चूक दरवर्षी होते. दहा मित्रांना विचारायचं, "मोबाईलमुळे अभ्यासाचं नुकसान होतं का?" आठ जण हो म्हणतात. फाईलमध्ये लिहायचं, "८० टक्के विद्यार्थ्यांचे नुकसान होते." अरे बाबा, ते तुझे आठ दोस्त आहेत, महाराष्ट्रातले ऐंशी टक्के विद्यार्थी नव्हेत! "दहापैकी आठ जणांनी असे सांगितले" असं लिहायला लाज कसली? शिवाय प्रश्नातच उत्तर घालून दिलं तर समोरचा हो म्हणणारच. फोनच्या सेटिंगमध्ये रोज कोणतं ॲप किती वेळ चाललं ते दिसतं. आधी मित्राला विचारा, काल किती वेळ मोबाईल बघितलास? मग त्याच्या परवानगीने आकडा बघा. दोन उत्तरांतला फरक हाच प्रोजेक्ट. अम्मी-अब्बूंचा आकडाही घ्या, घरात जरा गंमत होईल.

आता जिथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो विषय, थोर व्यक्तींची चरित्रं. आमच्या समाजातल्या मुली जानेवारी आला की फातिमा शेख यांच्यावर प्रोजेक्ट करतात. सावित्रीबाईंसोबत शिकवणारी बाई, आपल्यातली, याचा त्यांना फख्र वाटतो आणि वाटायलाच हवा. पण फायलीत काय असतं? जन्मतारीख, बालपण, शिक्षण, मृत्यू, सगळं अगदी ठासून लिहिलेलं. मी दोन मुलींना विचारलं, "९ जानेवारी ही जन्मतारीख कुठून आणली?" म्हणाल्या, "टीचर, सगळीकडे आहे." मी म्हटलं, "सगळीकडे आहे ते बघितलंत. त्या काळचा कागद शोधा." पंधरा दिवस शोधलं, त्यांना त्या काळचा कागद सापडला नाही.

सापडलं ते वेगळंच. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेलं एक पत्र. त्या आजारपणामुळे माहेरी गेल्या होत्या आणि आपल्या मागे फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकूर करणार नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलंय. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते छापलेलं आहे. राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते पुस्तक १९८८ साली काढलं.

हे का महत्त्वाचं ते जानेवारी २०२५ मध्ये कळलं. समाजमाध्यमांवर एका लेखकाने दावा केला की फातिमा शेख नावाची कुणी बाई नव्हतीच, ते पात्र आपण रचलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसती भांडणं. नेटवरून उतरवलेल्या पानाकडे याला उत्तर नव्हतं, कारण ते पान कुणी लिहिलं हेच कुणाला माहीत नाही. त्या दोन मुलींकडे मात्र उत्तर होतं, एका ओळीचं आणि तारखेसकट. एकीने पुस्तकातल्या त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. आपल्या माणसांचा इतिहास आपणच ऐकीव गोष्टींनी भरला, तर एक दिवस कुणीतरी येऊन सगळाच खोटा म्हणतो, आणि त्यात खरा भागही वाहून जातो. म्हणून जे कळत नाही तिथे "पुरावा मिळाला नाही" असं लिहिणाऱ्या मुलीला मी जास्त गुण देते, कमी नाही. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, ते अजून पानं मोजतात.

चरित्रच करायचं असेल तर आपल्या जिल्ह्यातलं शोधा. औरंगाबादच्या मुलाला मलिक अंबरची नहर आणि पाणचक्की चालत जाऊन बघता येते. श्रीगोंद्याच्या मुलाला योगसंग्राम लिहिणारे संत शेख महंमद, बार्शीच्या मुलाला शाहीर अमर शेख. आझाद आणि कलाम साहेबांवर करू नका असं नाही. पण त्यांच्यावर तयार फाईल मिळते आणि मोह होतो.

भाषेवर मात्र कुणीच प्रोजेक्ट करत नाही, याचं मला नवल वाटतं. आपण घरी दखनी किंवा उर्दू बोलतो, शाळेत मराठी. इतका मोठा खजिना! दादी म्हणते, "मैंच करी," "वोच आया." हा "च" मराठीतून आलाय, लखनौच्या उर्दूत तो नाही. उलटं बघा: जमीन, दुकान, शहर, कागद, तारीख, अर्ज, वकील हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले आणि आता पक्के मराठी झाले. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोश तयार झाला, तोच मुळी कारभारात फारसी शब्द फार झाले होते म्हणून. मुलाने एक वही घेऊन दादीजवळ आठवडाभर बसावं. स्वयंपाकघरातले, शेतातले, लग्नातले शब्द लिहावेत, आणि समोर मराठीत काय म्हणतात ते. कोकणातल्या मुलांची बोली आणखी वेगळी, त्यांची वही वेगळी होईल. खर्च शून्य, आणि दादी खूश.

याच विषयावर अम्मी-अब्बूंसाठी एक गोष्ट. "आम्हाला काय कळतं," असं म्हणू नका. तुम्ही जे काम करता तोच प्रोजेक्ट आहे. ज्या मुलीने नदीची फाईल आणली होती, तिला मी दुसरी संधी दिली आणि विषय दिला, "घरबसल्या शिलाईचे काम". तिने सात दिवस घड्याळ लावून अम्मीचं काम लिहिलं. एका कुर्त्याला किती वेळ, नगाला किती पैसे, दोरा कुणाचा, विजेचं बिल कोण भरतं. तासाचा दर काढला तेव्हा माय-लेकी दोघी गप्प झाल्या. अम्मीला आपल्या कामाचा तासाचा दर कधी माहीतच नव्हता, कारण पैसे नगावर मिळतात. दोऱ्याचे आणि विजेचे पैसे तिच्याच खिशातून जातात, हेही पहिल्यांदाच कागदावर आलं. पुढच्या खेपेला तिने ठेकेदाराकडे दोऱ्याचे पैसे वेगळे मागितले. निम्मे मिळाले.

अशा विषयात घरची परवानगी आधी घ्यावी आणि नावं लिहू नयेत, हे मुलांना मी बजावून सांगते. घरची कमाई वर्गात वाचून दाखवायची नसते. मालेगाव-भिवंडीच्या मुलांना यंत्रमागाचा आवाज, गॅरेजवाल्याच्या मुलाला जुन्या ऑइलचं काय होतं, फळगाडीवाल्याच्या मुलीला रोज किती माल सडतो, असे विषय घरातच पडलेत.

चांगलं काम झालं तर ते फाईलमध्ये बंद ठेवू नका. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून चालते, दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी, आणि तिथे आपल्या परिसरातलाच प्रश्न हवा असतो. इन्स्पायर-मानक योजनेत निवड झाली तर मुलाच्या खात्यात दहा हजार रुपये येतात. नोंदणी शाळेमार्फत होते, म्हणून मुख्याध्यापकांना जाऊन विचारा. आपले पालक विचारायला लाजतात, आणि तारीख निघून जाते.

गेल्या आठवड्यात नववीतला एक मुलगा आला. "टीचर, मला ग्लोबल वॉर्मिंगच घ्यायचंय." मी विचारलं, अब्बू काय करतात? म्हणाला, फ्रिज दुरुस्त करतात. मी म्हटलं, मग दुकानात कोणते गॅसचे सिलिंडर आहेत त्यांची नावं लिहून आण. दुसऱ्या दिवशी वहीत दोन नावं होती, आर-१३४ए आणि आर-६००ए. पहिला गॅस हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट उष्णता अडवतो. दुसरा त्या मानाने काहीच नाही, पण तो पेट घेतो. पेट घेतो हे अब्बूंना पक्कं माहीत होतं. तेराशे पटीचं ऐकून ते थोडा वेळ सिलिंडरकडेच बघत राहिले, असं मुलगा सांगत होता. जुना फ्रिज उघडताना उरलेला गॅस ते सरळ हवेत सोडतात, सगळेच सोडतात.

वहीच्या पहिल्या पानावर त्याने प्रश्न लिहून आणलाय: "एका महिन्यात आमच्या दुकानातून किती गॅस हवेत जातो?" खाली पेन्सिलने अब्बूंच्या अक्षरात उर्दूत लिहिलंय की सिलिंडर तोलायला काटा आहे, सोमवारपासून मोजू.